मुक्तस्रोत संगणक-समुदायांची वाढ व प्रसार : प्रयोजन आणि सीमाभागातील कार्य

बाजारात विक्रीस आलेल्या मालाची जाहिरात का करतात, हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. जाहिरातीने खप वाढतो आणि खप वाढला की नफा वाढतो. परंतु जी वस्तू कोणीही विनामूल्य घ्यावी, दुसऱ्यास द्यावी आणि गरजेप्रमाणे बदलून वापरावी अशीच तिच्या निर्मात्यांची इच्छा असते, तिच्या प्रसाराचे श्रम कोणी व कशासाठी घ्यावेत? मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात हा प्रश्न वारंवार विचारला जातो. ज्यातून एक पैसाही मिळावयाचा नाही त्याचा प्रचार म्हणजे निष्कारण खटाटोप, असे काहींस वाटते. उलट, नोंदलेल्या सभासदांचा आकडा फुगला म्हणजे कार्य सिद्धीस गेले, असे दुसऱ्या काहींस वाटते. हे दोन्ही समज अपुरे आहेत. अशा समुदायाच्या वाढीमागील खरे प्रयोजन कोणते आणि बेळगाव-निपाणी या द्वैभाषिक सीमाभागाच्या दृष्टीने त्यास काय महत्त्व आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. साचा आणि ओतीव वस्तू

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओतकामाची, म्हणजे फाउंड्रीची, परंपरा जुनी आहे. तेथील कोणत्याही कारागिरास कास्टिंग आणि पॅटर्न यांतील भेद सांगावा लागत नाही. ज्याच्याजवळ केवळ ओतलेला भाग आहे त्याने तो वापरावा. तुटला तर विकणाऱ्याकडे जावे. ज्याच्याजवळ साचा आहे तो मात्र भाग पुन्हा ओतू शकतो, भोक एक सूत सरकवू शकतो, भिंत जाड करू शकतो आणि दोष कोठे राहिला हेही पाहू शकतो.

सॉफ्टवेअरचेही असेच आहे. प्रोग्रामर जो मजकूर लिहितो ती मूळ संहिता म्हणजे साचा होय, आणि तीपासून यंत्राकरिता सिद्ध होणारी प्रणाली ही ओतीव वस्तू होय. बहुतेक व्यापारी कंपन्या ग्राहकास ओतीव वस्तू देतात व साचा स्वतःजवळ ठेवतात. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये साचाही सर्वांच्या हाती दिला जातो आणि तो वापरण्याचा, अभ्यासण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा अधिकार परवान्याने लेखी दिलेला असतो.

या चळवळीचे टप्पे थोडक्यात असे सांगता येतील. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘लिनक्स’चा गाभा लिहून तो इंटरनेटवर सर्वांस खुला केला. १९९८ साली ‘ओपन सोर्स’, म्हणजे मुक्तस्रोत, ही संज्ञा रूढ झाली. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ होत असल्याने तेथे बराच गोंधळ माजला. मराठीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत, त्यामुळे मराठी वाचकास हा भेद सहज कळावा. या सॉफ्टवेअरचे वैशिष्ट्य त्याच्या फुकटपणात नसून मुक्तपणात आहे. किंबहुना ते तयार करण्यास व सांभाळण्यास मोठा खर्च येतो. मात्र तो कोणी आणि कशा रूपाने करावयाचा, एवढीच व्यवस्था येथे वेगळी असते.

२. समुदाय म्हणजे काय

साचा खुला ठेवला एवढ्याने समुदाय निर्माण होत नाही. गावच्या चावडीवर पुस्तकांची पेटी उघडी ठेवली म्हणजे जसे वाचनालय होत नाही, तसेच हे आहे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ साली स्थापन झाले. अशी संस्था दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकते ती केवळ ग्रंथसंग्रहाच्या बळावर नव्हे. वाचकातून सभासद, सभासदातून कार्यकर्ता आणि कार्यकर्त्यातून चिटणीस घडत राहतो म्हणून ती टिकते.

मुक्तस्रोत प्रकल्पातही अशी एकात एक असलेली चार वर्तुळे दिसून येतात. सर्वांत बाहेरचे वर्तुळ केवळ वापर करणाऱ्यांचे. त्याच्या आत, आढळलेले दोष व उणिवा व्यवस्थित लिहून कळविणाऱ्यांचे. त्याच्याही आत, संहिता, भाषांतर, चित्रे, सूचनापुस्तिका अशा कोणत्या तरी रूपाने भर घालणाऱ्यांचे. आणि केंद्रस्थानी, आलेली भर तपासून ती स्वीकारण्याचा वा नाकारण्याचा अधिकार असलेल्या मोजक्या पालकांचे. समुदाय वाढविणे याचा अर्थ केवळ बाहेरचे वर्तुळ मोठे करणे असा नाही. बाहेरून आत येण्याची वाट सतत खुली व वाहती राहणे, हा त्याचा खरा अर्थ होय. मूळ प्रश्नाचे उत्तर यातच आहे. येथे प्रसार करावयाचा असतो तो वस्तूचा नव्हे, तर सहभागाच्या निमंत्रणाचा.

३. वाढीचे प्रयोजन

हे प्रयोजन चार अंगांनी पाहता येईल.

(अ) दोषशोधन व निधी. संहिता पाहणारे डोळे पुरेसे असतील तर दोष फार काळ लपत नाहीत, असा सिद्धान्त एरिक रेमंड यांनी १९९७ साली मांडला. तो खरा आहे, परंतु त्यातील ‘पुरेसे असतील तर’ ही अट पुष्कळदा विसरली जाते. ‘ओपन-एसएसएल’ हे इंटरनेटवरील गुप्त देवाणघेवाणीचे साधन जगातील असंख्य संकेतस्थळे वापरीत होती. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आवृत्तीत शिरलेला ‘हार्टब्लीड’ हा गंभीर दोष एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आला, तोवर दोन वर्षे लोटली होती. चौकशीअंती असे दिसले की, ज्यावर एवढ्या मोठ्या व्यवहाराचा भार होता त्या प्रकल्पास वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलर देणगी मिळत असे आणि पूर्ण वेळ काम करणारी व्यक्ती जेमतेम एक होती. साचा सर्वांपुढे उघडा होता. तो पाहावयास मात्र कोणी बसले नव्हते. वापर वाढला आणि समुदाय वाढला नाही, तर काय होते याचे हे ठळक उदाहरण होय.

या अनुभवानंतर मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन अशा मूलभूत प्रकल्पांसाठी निधी उभारला. भारतातही याची जाणीव वाढत आहे. बेळगावातही कार्यालय असलेल्या बंगळूरच्या ‘झिरोधा’ या दलाली संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी प्रतिवर्षी दहा लक्ष डॉलर देण्याचा निधी जाहीर केला.

(आ) उत्तराधिकार. ‘एक्स-झेड’ हे दस्तऐवज आकसून साठविण्याचे छोटेसे साधन लिनक्सच्या बहुतेक रूपांत वापरले जाते. त्याचा सारा भार वर्षानुवर्षे एका स्वयंसेवकावर होता. तो थकला होता, आणि कामास विलंब होतो म्हणून काही अपरिचित नावांनी त्याच्यावर दडपण आणले जात होते. अशा वेळी ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कोणी दोन-अडीच वर्षे निष्ठेने मदत करून विश्वास संपादन केला, पालकत्वाचे अधिकार मिळविले आणि २०२४ साली प्रणालीत गुप्त चोरवाट घातली. दूरच्या यंत्रात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या ध्यानी आले. त्याने मुळापर्यंत शोध घेऊन मार्च २०२४ च्या अखेरीस हा प्रकार उघड केला व मोठा अनर्थ टळला.

या घटनेचा बोध दुहेरी आहे. पालक एकटा पडला की त्याच्या मदतीस येणारा कोण आहे, हे पारखण्याची सवड त्यास राहत नाही. याउलट समुदायात एखादा चिकित्सक मनुष्य असला, तर तो सर्वांचे रक्षण करू शकतो. जबाबदारी वाटून घेणारी माणसे आधीपासून तयार असणे, हे समुदायवृद्धीचे दुसरे प्रयोजन होय.

(इ) स्वायत्तता. ‘ओपन ऑफिस’ हा लेखन व हिशेबाच्या साधनांचा संच सन या कंपनीच्या आश्रयाने वाढला. २०१० च्या आरंभी ओरॅकल कंपनीने सन विकत घेतली, तेव्हा प्रकल्पाच्या भवितव्याविषयी शंका उत्पन्न झाल्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये त्यातील अनेक कार्यकर्त्यांनी ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ स्थापून तीच संहिता ‘लिब्रे ऑफिस’ या नावाने पुढे चालविली. परवान्याने त्यांना तसा अधिकार होता, हे खरे. परंतु अधिकार कागदावर असणे वेगळे आणि तो बजावण्याइतके मनुष्यबळ जवळ असणे वेगळे. समुदाय नसता तर तो अधिकार निरुपयोगी ठरला असता.

ही गोष्ट निपाणी परिसरातील वाचकांस अपरिचित वाटू नये. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तेथील तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय महामार्गावर ठाण मांडले, ते भावासाठी. आपला माल न विकण्याचे स्वातंत्र्य प्रत्येक शेतकऱ्यास कायद्याने आधीही होतेच. परंतु एकट्याने बाजारात उभ्या राहणाऱ्यास त्या स्वातंत्र्याचा उपयोग काय? दोन्ही प्रसंगांचे स्वरूप अगदी भिन्न आहे. तथापि विखुरलेल्यांचा अधिकार संघटनेवाचून दुबळा राहतो, हे सूत्र दोहोंत समान आहे.

(ई) भाषा व प्रदेश. कोणतीही प्रणाली ज्यांनी घडविली त्यांच्या गरजा तीत उतरतात. जे घडविणाऱ्यांत नव्हते त्यांच्या गरजा राहून जातात. देवनागरी लिपी युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तथापि ‘ॲ’ या अक्षरास स्वतंत्र स्थान मिळण्यास २००८ साल उजाडले. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन शब्द पाहावेत. एकाचा अर्थ डोंगरांमधील खोल भाग, तर दुसऱ्याचा अर्थ समुद्र. हिंदीत असा भेद करण्याचा प्रसंग येत नसल्याने केवळ हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या टंकात मराठीचा हा ‘ऱ्य’ नीट उमटत नसे. तीच गोष्ट पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांची. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमाला अद्ययावत करताना ही रूपे निश्चित केली. परंतु शासननिर्णय झाला म्हणून संगणकातील अक्षर आपोआप बदलत नाही. ते कोणास तरी बसून बदलावे लागते.

येथे मुक्त परवान्याचा लाभ स्पष्ट होतो. ‘लोहित’ ही भारतीय लिपींच्या टंकांची मालिका रेड हॅट कंपनीने २००४ साली मुक्त परवान्याखाली खुली केली व तिचे काम पुण्यातील अभियंते पाहत असत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्ता’ व ‘बालू’ हे टंकही मुक्त परवान्याचे आहेत. ज्या टंकाचा साचा खुला आहे त्यातील चुकीचे अक्षर दुरुस्त करण्यासाठी कोणाच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही. जाणकार आणि तत्पर माणूस मात्र लागतो.

४. प्रसाराचे साधन आणि त्याची मर्यादा

आता प्रसाराकडे वळू. २००४ साली ‘इंटरनेट एक्सप्लोरर’ या एकाच ब्राउझरने जवळजवळ सारे क्षेत्र व्यापले होते. ९ नोव्हेंबर २००४ रोजी ‘फायरफॉक्स’ची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. ती प्रसिद्ध करणाऱ्या मोझिला संस्थेजवळ जाहिरातीचे मोठे अंदाजपत्रक नव्हते. तेव्हा चाहत्यांनी आपापसांत वर्गणी जमविली आणि १६ डिसेंबर २००४ रोजी न्यूयॉर्क टाइम्स या दैनिकात दोन पूर्ण पृष्ठांची जाहिरात दिली. तीत सुमारे दहा हजार वर्गणीदारांची नावे बारीक अक्षरांत छापली होती. जाहिरात देणारे आणि ज्यांची जाहिरात होत होती ते, एकच होते. ज्याचे नाव त्या पानावर छापले गेले, तो केवळ ग्राहक राहिला नाही. प्रकल्पाच्या भल्याबुऱ्याशी त्याचे नाते जडले. उत्तम प्रसाराचे लक्षण हेच की, तो करता करताच समुदाय घट्ट होतो.

याच्या उलट उदाहरणही अभ्यासण्याजोगे आहे. ‘डिजिटलओशन’ ही कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरमध्ये ‘हॅक्टोबरफेस्ट’ नावाचा उपक्रम चालविते. ठरावीक संख्येने दुरुस्त्या पाठविणाऱ्यास टी-शर्ट बक्षीस मिळे. हेतू चांगला होता. परंतु २०२० साली बक्षिसाच्या लोभाने अनेकांनी सूचनापुस्तिकेत एखादा शब्द घालणे, विरामचिन्ह बदलणे अशा निरर्थक दुरुस्त्यांचा पूर लोटला. ते सारे तपासून नाकारण्यात पालकांचे दिवसच्या दिवस गेले. काही दिवसांतच संयोजकांस नियम बदलून, जे प्रकल्प स्वेच्छेने सहभागी होतील त्यांच्यापुरताच उपक्रम मर्यादित करावा लागला. संख्या वाढली होती, समुदाय वाढला नव्हता. उलट ज्यांच्यावर आधीच भार होता त्यांच्याच खांद्यावर नवे ओझे आले.

या दोन उदाहरणांतून तीन नियम निघतात. पहिला, प्रसार सत्य असावा. प्रणालीत जी उणीव आहे ती लपवू नये, कारण उणीव हेच नवागताचे पहिले काम असते. दुसरा, बोलावण्यापूर्वी बैठकीची सोय असावी. म्हणजे सोप्या व उपयुक्त कामांची यादी आणि उत्तर देणारा जाणता मनुष्य तयार असावा. तिसरा, आमिष कामाबाहेरचे नसावे. केलेल्या कामाची नोंद, नाव आणि वाढती जबाबदारी हेच खरे पारितोषिक समजावे.

५. सीमाभागाची विशेष स्थिती

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने बेळगाव व निपाणी हा परिसर त्या वेळच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात समाविष्ट झाला. त्यातून उद्भवलेल्या प्रश्नाचा निवाडा हा या लेखाचा विषय नव्हे. येथे एवढेच लक्षात घ्यावयाचे की, या भागातील मनुष्य घरात एक भाषा, कचेरीत दुसरी आणि महाविद्यालयात तिसरी वापरतो. निपाणीला लागून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, असून शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. निपाणीचा विद्यार्थी शिकण्यासाठी रोज राज्याची हद्द ओलांडतो, हे त्या परिसरात नवलाचे नाही. मराठी आणि कन्नड या दोन भाषा व दोन लिपी येथे दैनंदिन व्यवहारात एकमेकींस भेटतात.

मोठ्या कंपन्या भाषांचा विचार राज्याच्या किंवा बाजारपेठेच्या हिशेबाने करतात. त्या हिशेबात सीमाभागाची मराठी दोन्हीकडून कडेला पडते. पु. ल. देशपांडे यांनी ‘रावसाहेब’ या व्यक्तिचित्रात बेळगावची कानडी वळणाची मराठी साऱ्या महाराष्ट्राच्या कानांवर घातली. लोकांनी ती प्रेमाने ऐकली. परंतु यंत्र ती ऐकू शकेल काय, हा आजचा प्रश्न आहे. बोललेले शब्द लिहून घेणारी, शेतकऱ्यास तोंडी माहिती देणारी यंत्रे ज्या आवाजांवर शिकविली जातात त्यांचेच बोलणे त्यांना कळते. पुण्या-मुंबईच्या मराठीवर शिकलेल्या यंत्रापुढे निपाणीचा शेतकरी किंवा बिडी कामगार बोलला आणि यंत्रास ते कळले नाही, तर बोलणाराच अशुद्ध ठरतो व सेवेपासून वंचित राहतो.

यावर उपाय उपलब्ध आहेत. मोझिलाने २०१७ साली सुरू केलेल्या ‘कॉमन व्हॉइस’ या प्रकल्पात कोणीही वाक्ये वाचून आपला आवाज दान करू शकतो. जमलेला संग्रह सर्वांस मुक्तपणे वापरता येतो आणि त्यात मराठीचाही समावेश आहे. भारत सरकारच्या ‘भाषिणी’ या उपक्रमातही नागरिकांकडून भाषेची अशी भर स्वीकारली जाते. मात्र सीमाभागातील माणसे त्यात उतरली नाहीत, तर त्यांची बोली त्यात येणार नाही. ही उणीव दुसरा कोणी भरून काढील, अशी आशा धरणे व्यर्थ आहे.

दुसरी अडचण जुन्या संगणकांची. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या प्रणालीस कंपनीकडून मिळणारा सर्वसाधारण आधार संपला. नव्या आवृत्तीस जे यंत्र चालत नाही ते टाकून नवे घेणे लहान शाळेस, वाचनालयास किंवा पतसंस्थेस परवडत नाही. आणि आधार नसलेली प्रणाली तशीच चालविणे धोक्याचे असते. अशा यंत्रांवर लिनक्सची हलकी रूपे अनेक वर्षे समाधानकारक काम देऊ शकतात. परंतु ती बसविणारा, शिकविणारा आणि अडल्यास धावून येणारा मनुष्य जवळच्या गावात हवा. प्रणाली इंटरनेटवरून मिळते. धीर देणारा शेजारी तसा मिळत नाही.

६. कार्याची दिशा

या भागात साधनांचा अभाव नाही. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच आहे आणि शहरात अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. भारत सरकारने २०१५ साली मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले आहे. मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाद्वारे अशा सॉफ्टवेअरचे छोटे ध्वनिचित्र-पाठ मराठी व कन्नड यांसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केले आहेत. केरळ राज्याने २००१ पासून शालेय संगणक-शिक्षणाचे कार्य हाती घेऊन ते पुढे मुक्त प्रणालींवर उभे केले आणि २०१८ साली ‘लिटल काइट्स’ या नावाने विद्यार्थ्यांची मंडळे सुरू केली. त्या उदाहरणावरून असे दिसते की, शाळेत लावलेले रोप पुढे समुदायास सावली देते.

सीमाभागातील महाविद्यालये, वाचनालये व सहकारी संस्था यांना पुढील कामे हाती घेता येतील.

(१) मासिक बैठक. महिन्यातून एक ठरलेला दिवस व ठरलेली जागा असावी. व्याख्यानापेक्षा प्रत्यक्ष कामास अधिक वेळ द्यावा. उपस्थिती दहा असली तरी चालेल. खंड पडू नये.

(२) द्वैभाषिक काम. लिब्रे ऑफिससारख्या प्रणालींचे मराठी व कन्नड भाषांतर एकाच मेजावर बसून तपासावे. एका भाषेची भर दुसरीच्या वाट्यातून येत नाही, ही मुक्तस्रोत पद्धतीची विशेषता येथे प्रत्ययास येईल.

(३) आवाज व शब्द यांचा संग्रह. तंबाखू, ऊस, ओतकाम, विणकाम या व्यवसायांतील स्थानिक शब्द जाणत्या व्यक्तींकडून त्यांच्या संमतीने नोंदवावेत. २००३ पासून चालू असलेला मराठी विकिपीडिया हे अशा माहितीस स्थायी स्थान देणारे एक व्यासपीठ होय.

(४) उद्योगांशी जोड. मुंबईतील ‘फ्रॅपे’ कंपनीने घडविलेली ‘ईआरपीनेक्स्ट’ ही मुक्तस्रोत प्रणाली खरेदी, साठा, उत्पादन व हिशेब सांभाळते. फाउंड्रीच्या गरजेप्रमाणे तीत फेरफार करण्याचे काम विद्यार्थ्यांनी कारखान्यात बसून केले, तर उद्योगास साधन व विद्यार्थ्यास अनुभव मिळेल. त्यातूनच उपजीविकेचे मार्ग निघतील. समुदाय दीर्घकाळ टिकावयाचा तर त्यातील काहींचे पोट त्याच कामावर भरले पाहिजे. केवळ त्यागावर चाललेले कार्य पहिल्या उत्साहाबरोबर ओसरते.

(५) शाळांची यंत्रे. प्रत्येक बैठकीस एका शाळेतील जुनी यंत्रे दुरुस्त करण्याचे काम जोडावे आणि त्या शाळेतील एक शिक्षक व दोन विद्यार्थी तयार होईपर्यंत ते पूर्ण झाले असे समजू नये.

७. वाढ कशी मोजावी

जे मोजले जाते तेच पुढे केले जाते, म्हणून मोजमापाची निवड काळजीपूर्वक करावी. शिबिरास किती आले, किती प्रमाणपत्रे वाटली, किती प्रती उतरवून घेतल्या, हे आकडे अहवालात शोभून दिसतात; परंतु त्यांवरून समुदायाची प्रकृती कळत नाही. त्यापेक्षा चार प्रश्न विचारावेत. पहिल्यांदा भर घालणाऱ्यांपैकी दुसऱ्यांदा किती आले? नवागताच्या पहिल्या प्रश्नास किती दिवसांत उत्तर मिळाले? गेल्या वर्षी शिकणाऱ्यांपैकी यंदा शिकविणारे किती? आणि आजच्या प्रमुख दोन कार्यकर्त्यांनी गाव सोडले, तर काम थांबेल काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘थांबेल’ असे असेल, तर सभासदांची संख्या शेकड्यांत असूनही समुदाय अद्याप झालेला नाही असे समजावे.

सीमाभागास हा चौथा प्रश्न विशेष लागू आहे. येथील शिकलेला तरुण पुणे किंवा बंगळूर येथे जातो, हे वास्तव आहे. तथापि मुक्तस्रोत कार्याचे स्वरूप असे की, गाव सुटले तरी काम सुटत नाही. बंगळूरात बसून निपाणीच्या शाळेची अडचण सोडविता येते, पुण्यात राहून बेळगावच्या बोलीचा शब्दसंग्रह तपासता येतो. गेलेल्यांशी धागा राखणे हेही प्रसाराचेच अंग होय.

समारोप

मुक्तस्रोत समुदायाची वाढ ही विक्री वाढविण्यासाठी नसते, तशीच ती केवळ कीर्तीसाठीही नसते. सर्वांच्या मालकीच्या वस्तूची देखभाल करणारे हात पुरेसे असावेत, एकाचा भार दुसऱ्याने उचलावा, आश्रयदाता बदलला तरी काम चालू राहावे आणि जी भाषा व जो प्रदेश कोणाच्याच हिशेबात येत नाही त्यास स्वतःचे स्थान स्वतः निर्माण करता यावे, हे तिचे प्रयोजन होय. साचा हाती आला आहे. त्यातून काय ओतावयाचे आणि तो झिजू लागला तर कोणी दुरुस्त करावयाचा, हे त्या त्या गावच्या लोकांनी ठरवावयाचे आहे.

स्वाध्याय

१. ‘वापर वाढला, समुदाय वाढला नाही’ या विधानाचे स्पष्टीकरण ओपन-एसएसएल प्रकल्पाच्या उदाहरणाने करा.

२. फायरफॉक्सची २००४ सालची जाहिरात आणि २०२० सालचा हॅक्टोबरफेस्ट यांची तुलना करून प्रसाराचे नियम सांगा.

३. आपल्या परिसरातील एखादे वाचनालय किंवा सहकारी संस्था घेऊन तिच्यातील चार वर्तुळे कोणती, ते लिहा. बाहेरून आत येण्याची वाट कोठे अडते?

४. आपल्या बोलीतील व्यवसायविषयक वीस शब्द गोळा करा आणि त्यांपैकी किती शब्द संगणकास किंवा मोबाइलला बोलून लिहिता येतात, ते पडताळून पाहा.